बॅरेक नंबर अमुक

विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ, उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या एखाद्या गल्लीत वही-पेन घेऊन नुसतं उभं राहून बघा. दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचा गवंडी थापी खाली ठेवतो, मुकादम कटिंग मागवतो आणि कुणीतरी अदबीनं विचारतं, "साहेब, माप घ्यायला आलात?" अनधिकृत बांधकामं नियमित करायला ज्या शहरासाठी २००६ साली खास कायदा झाला, तिथे टिपणं काढणारा माणूस निव्वळ हौशी असूच शकत नाही.

मी टिपत होतो ते पत्ते. हे शहर आधी दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांचा निवारा, १९४९ मध्ये उल्हासनगर. कित्येक बॅरेकींच्या जागी इमारती आल्या, तरी पत्ता तोच: बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक. पाहुणा बॅरेक शोधत वणवण फिरतो, आणि ती असते लिफ्टवाल्या पाच मजल्यांखाली! सैन्य गेलं, छप्पर गेलं, भिंती गेल्या. नंबर काही जागा सोडत नाही. (गल्लीतलं तेवढं एकच बांधकाम बिनतक्रार अधिकृत असावं.)

मी बॅरेकचा नंबर लिहून घेतला. समोरच्या काकांनी माझ्या स्कूटरचा.