जाम चौरस्त्यावरील बिनपदवी पशुवैद्यांस अनावृत पत्र

विषय : माझ्या कुत्र्यावर आपण केलेल्या उपचारांबद्दल आभार.

मान्यवर सल्लागारहो,



आपलं मंडळ कुठं नोंदलेलं नाही. फलक नाही, फी नाही आणि पदवी तर नाहीच नाही. तरीही नागपूरहून आलेला रस्ता जिथं हिंगणघाट-हैदराबादकडे आणि चंद्रपूरकडे फुटतो, तिथं सकाळच्या पहिल्या चहापासून रात्रीच्या शेवटच्या ट्रकपर्यंत आपली ओपीडी अखंड चालू असते. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या 44 नंबरच्या हायवेवर इतक्या तत्परतेनं मोफत निदान दुसरीकडे कुठं मिळत असेल, असं वाटत नाही. समुद्रपूर तालुक्याची शान आहात आपण.

आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं पोट पावसाळा लागताच बिघडलं आणि हातात चहा असताना मी तसं बोलून गेलो. आपल्याला तेवढं पुरलं. एक काका म्हणाले, "काही नाही होत जी, नव्या पान्याचं आहे." दुसऱ्यांनी तिथंच निकाल दिला, "जंत असतीन. जंताची गोळी देऊन टाक, काहून टेन्शन घेऊन राहिला?" तिसऱ्यांनी खिशातून पिवळ्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढली आणि "माह्या पोट्ट्याले यानंच बरं वाटलं होतं" असं प्रशस्तिपत्रही जोडलं. दही-भात, हळद, डाळिंबाची साल, ओव्याचं पाणी हे सगळं चौथ्या माणसाचं बोलणं संपायच्या आत झालं. एकानं कुत्र्याला दृष्ट लागल्याचंही सांगितलं. बंड्याचा रंग पाहता ते मला पटलं नाही.

एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही : शी कशी होते? असला प्रश्न आपल्या पदाला शोभत नाही, हे मान्य. म्हणून न विचारताच उत्तर देतो. सकाळी बरी, दुपारी पातळ. रंग फिका, वर तेलकट तकाकी, सोबत आव आणि वास असा की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घ्यावी. बंड्या मात्र उड्या मारतोय, ताटातलं संपवतोय आणि तरी बरगड्या दिसताहेत. पिल्लू खातंय पण अंगी लागत नाही, जुलाब येतात-जातात, ताप नाही, हे एकत्र दिसलं की जनावरांचे डॉक्टर ज्या चार-पाच गोष्टींचा विचार करतात, त्यांतली एक म्हणजे जिआर्डिया. उलट्या, रक्ती जुलाब आणि मलूल पडलेलं पिल्लू असेल तर तो पार्व्हो विषाणूही असू शकतो. तेव्हा तर टपरीवर थांबायला चहा गार होईपर्यंतचाही वेळ नसतो.

जंताची गोळी सुचवणाऱ्या काकांचा पूर्ण मान राखून सांगतो, जिआर्डिया हा जंत नव्हे. तो एका पेशीचा परजीवी आहे. पुढून रुंद, मागं निमुळता, आठ शेपट्या, आणि दोन केंद्रकं अशी शेजारी-शेजारी बसलेली की सूक्ष्मदर्शकातून चष्मा लावलेले कुणी आजोबा आपल्याकडेच रोखून बघताहेत असं वाटतं. (आपल्यातल्या कुणाची आठवण झाली, ते लिहीत नाही.) पोटाखालच्या चकतीनं तो लहान आतड्याच्या भिंतीला चिकटतो. रक्त पीत नाही, भिंत पोखरत नाही, पण अन्न शोषून घेण्याच्या कामात खोडा घालतो. स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात, म्हणून ती तेलकट तकाकी. बाहेर पडताना तो अंगावर कवच चढवतो. या कवचबंद रूपाला सिस्ट म्हणतात. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. थंड, ओल्या जागी हे सिस्ट आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि डबक्यातल्या पाण्यातून, अंगावरच्या केसांतून, चाटलेल्या पंजातून पुढच्या पोटात जातात. आपल्या जंताच्या तिहेरी गोळीतलं फेबँटेल त्याच्यावर चालतं, पण सलग काही दिवस द्यावं लागतं. एक गोळी गुळात लपवून दिली आणि "जंताचं केलं" म्हटलं, की जंतांचं होत असेल, याचं काहीच बिघडत नाही.

आता पिवळ्या गोळीकडे येतो, कारण ती आपल्या मंडळाची कुलदेवता आहे. मेट्रोनिडाझोलची उरलेली पट्टी नाही असं घर आपल्या भागात शोधावंच लागेल. गोळी दिल्यावर बंड्याची शी बांधली गेली, आपण विजयाचा चहा घेतला आणि पैसे मी दिले. पुढं पुन्हा तेच सुरू झालं. गंमत अशी की ही गोळी आतड्यातल्या इतर जिवाणूंवरही काम करते. त्यामुळे जुलाब कशाचेही असोत, काही दिवस थांबल्यासारखे वाटतात. गोळीनं बरं वाटलं म्हणून जिआर्डियाच होता असं ठरत नाही, आणि होता म्हणून तो गेला असंही नाही. डॉक्टरही ती वापरतात, पण वजन करून. मात्रा जास्त झाली किंवा फार दिवस चालू राहिली तर ती मेंदूपर्यंत पोचते : जनावर झोकांड्या खातं, बुबुळं थरथरतात. माणसाच्या 400 मिलिग्रामच्या गोळीचा नखानं पाडलेला अर्धा भाग आणि चार-पाच किलोचं पिल्लू, यांचं गणित टपरीच्या बाकावर सुटत नाही.

आज बहुतेक डॉक्टर आधी फेनबेंडाझोल देतात : किलोमागे 50 मिलिग्राम, दिवसातून एकदा, सलग 3 ते 5 दिवस, गरज पडली तर पुन्हा. हा आकडा पाठ करून वाटू नये ही विनंती. त्याच्याआधी निदान लागतं. आणि शेळ्यांना पाजून उरलेलं अल्बेंडाझोल "नाव सारखंच तर आहे" म्हणून कुत्र्या-मांजरांना देऊ नका. त्यांच्या अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेवरच, त्याचा घाला पडू शकतो. नाव सारखं असलं म्हणून औषध सारखं होत नाही.

निदानाचा विषय निघालाच आहे तर एका कापडव्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. हिंगणघाटच्या कापूसबाजाराच्या शेजारी राहणाऱ्यांना ती जवळची वाटेल. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटोनी व्हॅन लेव्हेनहूक नावाचा एक गृहस्थ कापडाचा धंदा करायचा आणि फावल्या वेळात भिंगं घासायचा. 1681 साली, म्हणजे रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी, त्याचं पोट बिघडलं. त्यानं स्वतःची पातळ शी आपल्याच भिंगाखाली धरली आणि त्यात हलणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. ते जिआर्डियाच होते, असं आज मानतात. प्रतिजैविकं नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, पण बाहेर काय पडतंय ते बघावं एवढी अक्कल त्या व्यापाऱ्याला होती. आपल्याकडे सूक्ष्मदर्शकं आहेत, नागपूरला सेमिनरी हिल्सवर अख्खं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपण अजून ओव्याच्या पाण्यावर आहोत.

तपासणीही काही आकाशातून आणायची नाही. ताजी शी मिठाच्या सौम्य पाण्यात मिसळून लगेच पाहिली तर जिवंत, वळवळता जिआर्डिया दिसू शकतो. पण उशीर झाला की तो मरतो आणि ओळखू येत नाही. सिस्ट शोधायला झिंक सल्फेटचं द्रावण वापरतात. होय, कृषी केंद्रातून पोत्यानं आणून रानात टाकतो तेच क्षार, फक्त शुद्ध आणि मोजून केलेले : घनता 1.18. त्यात शी कालवून यंत्रात गरगर फिरवली की सिस्ट वर तरंगतात. साखरेच्या घट्ट पाकात ते पिचकतात, म्हणून तो पाक नको. अडचण एकच. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही. एका दिवसाचा नमुना कोरा निघाला म्हणून मोकळं होता येत नाही, काही दिवसांत मिळून तीन नमुने द्यावे लागतात. शहरातल्या दवाखान्यांत याच शीवर करायची झटपट किटही असते. मात्र उपचार संपल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, त्यामुळे "रिपोर्ट अजून खराबच" म्हणून पोतंभर औषधांचा दुसरा फेरा सुरू करू नये. शी घट्ट झाली, वजन भरू लागलं, तर कुत्रं बरं आहे. ज्याला काहीच त्रास नाही अशा कुत्र्यात जिआर्डिया सापडला तर बरेचदा औषधाचीही गरज नसते.

आणि आता ज्या कामात आपलं मंडळ कधीच उपस्थित नसतं ते काम. औषध चालू असताना शी रोज, पडल्या पडल्या उचलायची. पाण्याचं भांडं उकळत्या पाण्यानं धुवायचं. शेवटच्या दिवशी जनावराला शाम्पूनं आंघोळ घालायची, शेपटीखालचा भाग विशेष, कारण केसांना चिकटलेले सिस्ट ते स्वतःच चाटून पुन्हा गिळतं. घरातली बाकीची कुत्री-मांजरं डॉक्टरांना सांगायची. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की आपण निर्धास्त होतो, पण त्या मात्रेला जिवाणू जसे मरतात तसे हे सिस्ट मरत नाहीत. पाणी उकळावं लागतं. कडक ऊन मात्र त्यांना सोसत नाही, कोरडे पडले की संपले. विदर्भाच्या मे महिन्याचा हा एवढा तरी उपयोग.

मी कागदात शी उचलताना चौरस्त्यावर जे हसू पिकलं, ते ऐकलं. हा वर्धा जिल्हा आहे, महोदय. विनोबा पवनारहून खांद्यावर फावडं टाकून सुरगावला मैला साफ करायला रोज पायी जात. सेवाग्रामात संडास साफ करणं हे आश्रमाच्या दिनक्रमात होतं. त्या जिल्ह्यात एका कुत्र्याची शी उचलणारा माणूस विनोदाचा विषय होतो, हे आपल्या मंडळाचं खास योगदान समजतो.

शेवटी आपल्यातल्या त्या जबाबदार सदस्यांना, ज्यांनी "माणसाले होते म्हन्तेत, लेकरं आहेत घरात, ढाब्याजवळ सोडून ये" असं सुचवलं. जिआर्डियाचे गट आहेत. कुत्र्यांत बहुतेकदा सी आणि डी हे गट सापडतात, ते माणसाच्या वाटेला फारसे जात नाहीत. माणसाला त्रास देणारे ए आणि बी. तेही कधी कुत्र्यात मिळतात, म्हणून हात साबणानं धुवायचे, लेकरांना त्याचं तोंड चाटू द्यायचं नाही, घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर जास्त जपायचं. माणसाला हा रोग प्रामुख्यानं येतो तो माणसाच्याच विष्ठेनं खराब झालेल्या पाण्यातून. त्या हिशेबानं ढाब्याजवळ आधी कुणाला सोडावं लागेल, ते मंडळानं ठरवावं. हायवेवर सोडलेलं कुत्रं जिआर्डियानं मरत नाही. तिथं ट्रक असतात.

बंड्या डॉक्टरांकडून आणलेल्या औषधावर आहे आणि अंग धरतोय. तरी आपला व्यवसाय बंद पडावा अशी माझी इच्छा नाही, चहाला सोबत लागते. पुढच्या वेळी कुणी कुत्र्याचं पोट बिघडल्याचं सांगितलं तर एवढंच करा : पट्टी खिशातच ठेवा, "शी तपासली का?" असं विचारा, आणि झाकणाची स्वच्छ डबी देऊन त्याला डॉक्टरकडे पाठवा. चहाचे पैसे मी देईन.

आपला,
बंड्याचा मालक
मु. पो. जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा