पन्नासच्या आधीचा कागद

राज्यघटनेच्या 342 व्या कलमाखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कातकरी केव्हाच आहेत. केंद्राच्या विशेष असुरक्षित जमातींतही आहेत. राहिला फक्त जमातीचा दाखला. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा कागद आणायचा, एवढंच! शाळेच्या रजिस्टरातली नोंद चालेल, महसुली उतारा चालेल. आता पणजोबा पाऊस सरला की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन कोळशाच्या भट्टीवर निघायचे, शाळेची पायरी चढले नाहीत आणि जमीन खोताच्या नावावर. हा त्यांचाच निष्काळजीपणा म्हणायचा.

कोकणातल्या अंजनवेलला मात्र पाहुणे कसे रीतसर आले! ह्यूस्टनची एन्रॉन वीजप्रकल्प घेऊन 1992 च्या जूनमध्ये आली आणि त्याच महिन्यात सामंजस्य करारावर सह्या. पणजोबा कुठले, असं कुणी विचारलं नाही. उलट पैसे मिळतील याची हमी राज्याने दिली, वर प्रतिहमी केंद्राने. 2001 च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. कागद मात्र चोख होते हो.

2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासींच्या जाहीरनाम्याला मत दिलं आणि पुस्ती जोडली, की आम्ही सगळेच भारतीय मूलनिवासी. उत्तम. मग सगळ्यांकडेच मागा की पन्नासच्या आधीचा कागद. सुरुवात मंत्रालयापासून करू.