शलाकाचं लग्न ठरलेलं नाही

नेपरव्हिल, शिकागोजवळ
३० एप्रिल २०२४

ती. आप्पांस,


आधी एक खुलासा. तो आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गच्चीवर वाळवणं घालायला आलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असा वाचा. शलाकाचं लग्न ठरलेलं नाही.

झालं ते असं. शुक्रवारी सकाळी पावणेसहाला, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला, आईचा नेहमीचा फोन आला. मी उचलला आणि ओरडले, "मिळाला गं, मुलगा मिळाला!" आईनं विचारलं, कुठला? मी म्हटलं, लॉस एंजेलिसला शिकलेला, यंदाचा पहिला नंबर. उंच आहे का? सहा फूट एक इंच. घरचं कोण आलंय? आईवडील दोघंही आलेत, आई तर रडतेय. शलाकाला पसंत आहे का? पसंत काय विचारतेस, सोफ्यावर उभी राहून नाचतेय! यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण मी फोन ठेवल्यावर आईनं इस्लामपूरला काकूंना कळवलं. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले होते, असं मला नंतर समजलं.

तर हा मुलगा म्हणजे केलेब विल्यम्स. तो शलाकाला नाही, शिकागो बेअर्सला मिळाला. बेअर्स हा आमचा फुटबॉल संघ, म्हणजे हातानं खेळायच्या फुटबॉलचा. 'पाय असताना हातानं कशाला?' हा तुमचा प्रश्न गेल्या वेळी येऊन गेलाय आणि त्याला अजूनही उत्तर नाही. फोनवर आई मला सलग दोन वाक्यं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

ड्राफ्ट म्हटल्यावर तुम्ही बँकेचा डिमांड ड्राफ्ट समजलात, असं आई म्हणाली. तो नव्हे. तुम्ही टीव्हीवर कबड्डीचा लिलाव बघता, तसाही हा प्रकार नाही, इथे बोली लागत नाही. आपल्या अकरावीच्या प्रवेशफेऱ्या आठवा आणि उलट्या करा. बत्तीस संघ, सात फेऱ्या, कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं, आणि गेल्या हंगामात जो सगळ्यात ढ ठरला त्याला पहिली निवड. विजेता रांगेत शेवटी. चाळीस वर्षं गुणवत्ता यादी लावलेल्या मुख्याध्यापकाला हे वाचून काय वाटेल याची कल्पना आहे मला. पण यामागे हिशेब आहे. ढ मुलाला दरवर्षी मागच्या बाकावरच बसवलं तर वर्ग कधी बरोबरीत येणार? १९३६ पासून ही रीत चालू आहे. यंदा हा सोहळा डेट्रॉइटला झाला आणि तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं लोटली. खेळ नाही, चेंडू नाही. व्यासपीठावर एक माणूस येतो आणि चिठ्ठीवरचं नाव वाचतो, एवढंच. ते ऐकायला वारीएवढी गर्दी.

आता तुम्ही विचाराल, आपण सगळ्यात ढ होतो का? नाही. यंदा आपण सतरापैकी सात सामने जिंकलो, म्हणजे काठावर नापास. सगळ्यात ढ होता कॅरोलायनाचा संघ, दोन जिंकले आणि पंधरा हरले. पण त्यांची पहिली निवड आपल्या खिशात होती. गेल्या वर्षी पहिला नंबर आपला होता. तो त्यांना हवा होता, म्हणून त्यांनी एक चांगला खेळाडू दिला, त्या वर्षीच्या दोन निवडी दिल्या, आणि वर २०२४ची पहिल्या फेरीतली आणि २०२५ची दुसऱ्या फेरीतली निवडही लिहून दिली. उभा ऊस दाखवून पुढच्या हंगामाची उचल घ्यावी तसं. पीक बुडालं आणि ऊस आमच्या गाडीत आला. कराडात राहणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावायला नको.

केलेबची नेमणूक क्वार्टरबॅकची. चेंडू आधी याच्या हातात येतो. समोरून दीडशे किलोची चार माणसं अंगावर धावत येत असताना तो कुणाकडे फेकायचा, हे यानं दोनतीन सेकंदांत ठरवायचं. शिकागोला हा माणूस कधी लाभलेलाच नाही. बत्तीस संघांत आपला एकटाच असा आहे, की ज्याच्या क्वार्टरबॅकनं एका हंगामात चार हजार यार्ड फेक कधी केलेली नाही. आपला उच्चांक ३,८३८, तोही १९९५चा. मी तेव्हा नववीत होते आणि तुम्ही मला भूमितीत नापास केलं होतंत.

२०१७ची गोष्ट तर सांगवत नाही. तिसऱ्या क्रमांकावर होतो, तिथून वरचे पैसे मोजून दुसऱ्यावर सरकलो आणि मिच ट्रुबिस्की नावाचा मुलगा उचलला. त्याच यादीत खाली, दहाव्या क्रमांकावर, पॅट्रिक महोम्स कॅन्सस सिटीकडे गेला. त्यानं आतापर्यंत तीन सुपर बोल जिंकलेत. आपण शेवटचा जिंकला तो १९८६च्या जानेवारीत. नंतर आला जस्टिन फील्ड्स. माझा फार लाडका, हरणासारखा पळायचा. त्याला मार्चमध्ये पिट्सबर्गला देऊन टाकलं, बदल्यात पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीतली एक निवड. बोहारणीला जरीचं लुगडं देऊन चहाचं गाळणं घ्यावं तसा तो सौदा. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तुमच्या जावयांना वाटलं त्यांचंच काही चुकलं, त्यांनी न सांगता गॅरेज आवरलं.

केलेबबद्दल मात्र मी आशा धरून आहे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी त्याला मिळाली. पळता पळता, तोल गेलेला असतानाही तो असा फेकतो की चेंडू नेमका जाऊन हातात बसतो. तो नखं रंगवतो, हे आईला आत्ताच सांगून ठेवा, नंतर फोटो बघून दचकायला नको. त्याची आई नखं रंगवण्याचंच काम करते. गेल्या नोव्हेंबरात एक सामना हरल्यावर हा प्रेक्षकांत चढून आईच्या कुशीत रडला. त्यावरून इथल्या टीव्हीवरच्या विद्वानांनी त्याला आठवडाभर झोडपलं. मला तो तेव्हाच आवडला.

नववा क्रमांक आपला स्वतःच्या मेहनतीनं, म्हणजे स्वतः हरून, कमावलेला होता. तिथे घेतला रोम ओडुंझे. हा फेकलेला चेंडू झेलणारा, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा. गेल्या हंगामात झेलून मिळवलेल्या यार्डांत देशात पहिला, १,६४०. पोरगा गुणी आहे, बोलायला नम्र आहे, त्याच्यात खोट काढायला जागा नाही. माझी तक्रार घेणाऱ्यांविषयी आहे. झेलणारे आपल्याकडे आधीच दोन होते, दोघंही नावाजलेले. आता तीन झाले. पंगतीत वाढपी तीन, आणि चुलीपाशी आचाऱ्याच्या अंगावर गुरं येतायत ती हाकलायला माणूस नाही. केलेब फेकेल तेव्हा हे तिघं झेलतील, पण फेकेपर्यंत त्याला उभं कोण ठेवणार? मी हे टीव्हीसमोर पाच वेळा म्हणाले. सहाव्या वेळी तुमचे जावई म्हणाले, "अगं, मग तूच जा." ते क्रिकेटवाले. आयपीएल चालू असलं की त्यांना घरात आग लागलेलीही दिसत नाही.

कुणीतरी हवा ही माझी हाक शेवटी पंचाहत्तराव्या क्रमांकावर ऐकू गेली. नाव ऐका: किरण. टीव्हीवरच्या माणसानं नाव वाचलं आणि आमच्या घरात शांतता पसरली. ओंकार म्हणाला, "आई, आपला?" आपला नाही. आडनाव अमेगाजी. जन्मानं जोशी-कुलकर्ण्यांतला नसला तरी राहणारा आमच्या शेजारच्या हिन्सडेलचा, गाडीनं वीसपंचवीस मिनिटं. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, जवळजवळ दीडशे किलो, आणि शिकला येलमध्ये! आप्पा, तुम्ही याला नुसत्या कॉलेजवर नव्वद मार्क द्याल. मी साठ देते, कारण मांडीच्या दुखापतीनं त्याचा गेला हंगाम निम्म्याहून जास्त वाया गेला, आणि येलच्या मैदानावर समोर येतात ते बरेचसे उद्याचे वकील. इथे समोर वकील येत नाहीत.

आता चौथी फेरी, जिच्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे. तीन प्रयत्नांत पुरेसं पुढे सरकता आलं नाही की निमूटपणे चेंडूला लाथ घालून तो लांब, समोरच्यांच्या हद्दीत धाडायचा असतो. हार मानायचीच, पण जरा रुबाबात. हे काम करणारा खास माणूस असतो. बेअर्सनी १२२व्या क्रमांकावर तोच घेतला, टोरी टेलर. नव्या घराची वास्तुशांत व्हायच्या आधी गळणाऱ्या छपराखाली ठेवायला बादल्या आणाव्यात तसं हे. एवढा क्वार्टरबॅक आणलात, तर लाथ मारायची वेळ येणारच कशाला? खुद्द केलेबनंही त्याला निवडीनंतर कळवलं म्हणे, की इथे तुला फारसं काम पडणार नाही.

पण खरं सांगू? पाचांत मला हाच आवडला. मेलबर्नचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, तिकडच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर पाय तयार झालेला. आयोवाला आला तर तिथला संघ पुढे सरकण्याच्या बाबतीत इतका दुबळा, की लाथ मारणाराच गावाचा लाडका झाला. एका हंगामात ४,४७९ यार्ड, म्हणजे चार किलोमीटरच्या वर, त्यानं चेंडू नुसता परत पाठवला. हा कॉलेज फुटबॉलमधला विक्रम आहे. नापासांच्या वर्गात हस्ताक्षराचं बक्षीस मिळवणारा एक मुलगा असतो ना, तसा तो.

पाचवा ऑस्टिन बुकर, कॅन्ससचा. समोरच्या क्वार्टरबॅकला लोळवणं हे याचं काम. अंगानं अजून भरायचा आहे, कॉलेजात फार खेळलेला नाही, पण गेल्या हंगामात आठ वेळा लोळवलं. याच्यासाठी आपण काय केलं ठाऊक आहे? पुढच्या वर्षीची चौथ्या फेरीतली निवड बफेलोला लिहून दिली. कॅरोलायनाला हसता हसता आपणच उचल घेऊन बसलो.

निवडी पाचच. दुसऱ्या संघांना आठ-आठ, दहा-दहा पोरं मिळतात. दुसऱ्याच दिवशी इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी प्रगतिपुस्तकं छापली: अमक्याला अ, तमक्याला ब. पोरांनी अजून गणवेश घातलेला नाही, पेपर फुटलेला नाही, वर्ग भरलेला नाही, आणि निकाल जाहीर! तुम्ही हे वाचून चष्मा पुसाल. पण मी काय वेगळं केलं म्हणा, वर साठ मार्क देऊन मोकळी झालेच आहे. १९३६ साली अगदी पहिल्यांदा ज्याचं नाव पुकारलं गेलं तो जे बर्वँगर आमच्याच शिकागो विद्यापीठाचा. फिलाडेल्फियानं निवडला, पैशांवरून जमेना म्हणून त्यांनी त्याचा हक्क बेअर्सना दिला. बेअर्सच्या मालकांशीही जमलं नाही. तो एक दिवसही हा धंदेवाईक खेळ खेळला नाही, फोम रबर विकायच्या नोकरीत रमला. पहिली हाइजमन ट्रॉफी त्याचीच. ती म्हणे त्याची आँट दाराला अडसर म्हणून लावायची. आत्या की मावशी, ते इंग्रजीत कळायची सोय नाही. आईला मावशी वाटते. आत्यानं पितळ घासून कपाटात ठेवलं असतं, असं तिचं मत.

आता तुमच्या नातवाविषयी. बसून घ्या. ओंकार ग्रीन बेचा झालाय. ग्रीन बे पॅकर्स म्हणजे आपले शंभर वर्षांचे वैरी. शाळेत कुणीतरी पढवलं असेल म्हणून मी गप्प होते, पण परवा त्यानं मला तोंडावर हिशेब ऐकवला: "आई, गेले सलग दहा सामने आम्ही जिंकलोय. आणि तीस वर्षांत आम्हाला तीनच क्वार्टरबॅक लागले. तुम्हाला किती?" माझ्याच घरात 'आम्ही' आणि 'तुम्ही'! तुमच्याकडे ७ मेला मतदान आहे, सकाळी एका पक्षात आणि दुपारी दुसऱ्या पक्षात अशी माणसं तुम्ही रोज बघताय, तेव्हा तुम्हाला धक्का बसणार नाही. मला बसला. त्याचं प्रगतिपुस्तक सोबत जोडलं आहे, भूमितीत ब्याण्णव आहेत. हे कुणाकडून आले ते माहीत नाही, माझ्याकडून नक्की नाहीत.

तुमच्या गुडघ्याचं तेल शलाकाची मैत्रीण जूनमध्ये येतेय तिच्याबरोबर पाठवते. आईला मेथकूट पाठवायला सांगा, मागच्या वेळचं विमानतळावरच्या माणसानं हुंगून ठेवून घेतलं.

बाकी क्षेम. काकूंना माझा नमस्कार. त्यांनी पत्रिकेसाठी मुलाची जन्मवेळ मागितली होती, ती माझ्याकडे नाही. जन्मतारीख १८ नोव्हेंबर २००१.

तुमची,
मंजिरी