मिरची दिसली पाहिजे

कुहीत कुणाला डिजिटल कॅमेरा घ्यायचा झाला की पैशांची जमवाजमव मागाहून व्हायची, आधी काकाजींना गाठलं जायचं. काकाजींकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. कधीच नव्हता. त्यांची योग्यता नेमकी त्यातच होती. ज्यानं वस्तू घेतली त्याला तिचं कौतुक करावंच लागतं, पैसे गेलेले असतात. काकाजींचे काहीच गेलेले नसायचे.

हा काळ 2010च्या आगेमागेचा. पाच-सहा हजारांत खिशात मावेल असा कॅमेरा मिळू लागला होता, आणि मोबाइलच्या फोटोत नवरदेव कोणता ते अजून बोट ठेवून सांगावं लागत होतं. गिऱ्हाईक आणि काकाजी सकाळच्या एसटीनं निघून नागपूरची सीताबर्डी गाठत. तिकीट गिऱ्हाइकाचं, तर्रीपोहे गिऱ्हाइकाचे, मत काकाजींचं.

दुकानातला पोरगा ‘बारा मेगापिक्सेल’ म्हणून तोंड उघडायचा आणि तिथंच फसायचा.

“बारा घेऊन काय करू बाप्पा? फोटो धुवाचा तो चार बाय सहाचाच ना?”

चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेल पुरतात, हे त्यांना कुण्या लॅबवाल्यानं सांगितलं होतं. ते खरंही आहे. पुढचं भाष्य मात्र त्यांचं स्वतःचं. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बारा मेगापिक्सेल कोंबले की एकेकाच्या वाट्याला उजेड थोडा येतो, आणि दिवेलागणीच्या फोटोत सगळ्यांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखं होतं. “खाट तेवढीच अन् पाहुने बारा,” काकाजी पोराला समजावत, “झोप कोनाले लागंन?”

झूमचंही तसंच. भिंग पुढं सरकलं तर तो झूम. नुसतं पडद्यावर चित्र फुगलं तर ती कात्री. करांडल्याच्या जंगलात डिजिटल झूमनं टिपलेला वाघ एकानं मोठ्या हौसेनं आणून दाखवला, तेव्हा काकाजींनी फोटो आडवा केला, उभा केला आणि शांतपणे विचारलं, “कोन्या बाजूनं पाहाचा?”

खरी परीक्षा यानंतर. काकाजी खांद्यावरचा दुपट्टा सोडत आणि काउंटरच्या काचेवर मूठ-दोन मूठ वाळली लाल मिरची पसरत. कुही-मांढळकडच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. तिथल्या सातऱ्यांवर हंगामात मिरचीचे ढीग पडतात आणि बाया दिवसभर देठ तोडत बसतात. सीताबर्डीच्या एसीतल्या पोराला मात्र आधी ठसका लागे, मग मालकाची आठवण होई. “काढ फोटो,” काकाजी म्हणत. पोरगा शिंकत शिंकत फोटो काढी. स्वस्त कॅमेऱ्याला गडद लाल झेपत नाही. सेन्सरचा लाल हिस्सा भरून वाहतो, आणि सुरकुत्या, चमक, एकीवर पडलेली दुसरीची सावली, सगळं एका लाल चिखलात जातं. काकाजी दुपट्टा डोक्यावरून ओढून, त्याच्या अंधारात पडदा निरखत. “मिरची मोजता आली पाहिजे. इथं तर गुलाल सांडला.” मी मोठमोठ्या मासिकांतली कॅमेऱ्यांची परीक्षणं वाचली आहेत, रंगीत चौकटींचे तक्ते पाहिले आहेत, पण ज्याला आपल्या सुनेचा लाल शालू टिपायचा आहे त्याच्या उपयोगाची याहून सरळ परीक्षा मला तरी आढळली नाही.

उरलेल्या परीक्षा झटपट. पानठेल्यावरचे स्वस्त पेन्सिल सेल घालून फ्लॅश मारायचा. दोन-चार फोटोंत कॅमेरा डोळे मिटतो, आणि मग दुकानदार दुप्पट भावाचे चार्जिंगचे सेल काढतो, ते किमतीत धरायचे. कळ दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ पाहायला गिऱ्हाइकानं तांदळाचे दाणे उधळायचे. दाणे हवेत दिसले तर कॅमेरा लग्नाचा, फरशीवर दिसले तर फक्त जेवणावळीचा. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. हे कळल्यावर काकाजींनी त्यालाही नापास करून टाकलं. “तेवढ्यात नवरी सासरी पोचते.”

आणि तारीख. सेल काढून ठेवले की यातले काही कॅमेरे आपलं घड्याळ विसरतात आणि जन्मसालाच्या एक जानेवारीवर जाऊन बसतात. एका शेतकऱ्यानं ऑगस्टच्या पावसात बुडालेलं सोयाबीन पुरावा म्हणून टिपलं, तर कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत दोन वर्षांपूर्वीचा नववर्षदिन. साहेब म्हणाले, जानेवारीत सोयाबीन कुठलं? त्या दिवसापासून तारीख लावून घेतल्याशिवाय काकाजी दुकानाची पायरी उतरत नसत. इतकं करून पुष्कळदा कॅमेरा घेतला जात नसेच. शेवटच्या एसटीत गिऱ्हाईक हिरमुसलेलं, काकाजी प्रसन्न. मिरची बांधून परत.

पुढं मोबाइल सुधारले आणि लोकांनी आपले कॅमेरे काकाजींच्याच घरी आणून टाकले. “पाहा, काही होते का.” ते सगळे बिस्किटांच्या डब्यात पडून असतात.

मध्यंतरी नागपुरातली एक कॉलेजकन्या तो डबा शोधत आली. आता म्हणे सीसीडी सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आहे. काकाजी सावरून बसले.

“फोटो कायचे काढशीन, बाई?”

“मैत्रिणींचे. कॅफेत, रात्री.”

“उजेड कसा राहते तिथं?”

“अंधारच असतो, काकाजी.”

“मंग हा नको. हलते. दाने येतात. तोंडं पांढरी फट्ट होतात.”

“तेच तर पाहिजे!”

काकाजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग आत हाक मारून म्हणाले, “अवो, जराशी मिरची आना बरं.”