चुकाऱ्यावरचा मॅनेजर

पांढुर्ण्याकडून जाम नदी ओलांडून सावरगावात शिरावं आणि "मॅनेजर कुठं राहते?" असं विचारावं, तर बँकेकडे कोणी बोट दाखवत नाही. बँकेचे मॅनेजर बदलून येतात, बदलून जातात. त्यांची तोंडं लक्षात ठेवण्यात गावाला रस नाही. कायमचा मॅनेजर एकच. वय चोवीस, शिक्षण बी.एस्सी., उद्योग पटवारी परीक्षेची तयारी, आणि रात्री अकरानंतर इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाचा संपूर्ण कारभार.

हा कारभार 'फुटबॉल मॅनेजर' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये चालतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्रज भावांनी घरातल्या खोलीत बसून जुळवलेला हा खेळ १९९२ साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' म्हणून बाजारात आला. पुढे भागीदारीत फाटाफूट होऊन २००४पासून आजच्या नावानं चालू आहे. त्यात चेंडूला लाथ मारायची सोय नाही. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार ठरवायचे, रुसवे काढायचे, कोणी कुठं उभं राहायचं ते सांगायचं, आणि सामना सुरू झाला की हाताची घडी घालून पडद्यावरची बाहुली काय दिवे लावतात ते पाहायचं. थोडक्यात, लग्नघरातल्या मोठ्या काकांची भूमिका. आमच्या मॅनेजरनं शाळेत असताना ग्राउंडवर चेंडू आला की वाट करून दिली, असं त्याचे वर्गमित्र सांगतात. तो हे नाकारत नाही. "माझं काम टचलाइनवरचं आहे," म्हणतो.

या पदवीमुळे एकदा घरात पाहुणे आले. मुलगा काय करतो, या प्रश्नाला आजीनं परस्पर उत्तर दिलं, "म्यानेजर हाये."

"कोन्त्या बँकेत?"

"बँकेत नाई, इंग्लंडात."

पाहुणे सावरून बसले. पोह्यांची दुसरी प्लेट आली. मुलीच्या मामांनी हळूच पगाराचं विचारलं आणि मॅनेजरनं, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, चालू कराराचा आकडा सांगितला: आठवड्याला चाळीस हजार पौंड.

"आठवड्याले?" मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे चुकाऱ्यावर हाये काय पोरगा?"

आमच्याकडे महिन्याचा पगार नोकरदाराला असतो. बाजाराच्या दिवशी आठवड्याचा चुकारा होतो तो मजुराचा. स्थळ तिथंच मोडलं. मामा तसे फार चुकले नव्हते, हेही नमूद करायला हवं. इंग्लंडात फुटबॉलवाल्यांची कमाई अजून आठवड्याच्या हिशेबानंच सांगतात आणि १९६१पर्यंत तिथं खेळाडूला आठवड्याला २० पौंडांच्या वर द्यायला बंदीच होती. मॅनेजरनं ही माहिती पाहुण्यांना फाटकापर्यंत जाऊन पुरवली. उपयोग झाला नाही.

लॅपटॉप सरकारी कृपेचा आहे. मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्क्यांच्या वर गेलं की लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात येतात. ते आले तेव्हा घरात पेढे वाटले गेले. आता बापाला त्या पेढ्यांचा पश्चात्ताप होतो. "सरकारनं अभ्यासाले देल्ला," असं त्यांनी म्हटलं, की मॅनेजर विल स्टिलचं उदाहरण काढतो. हा बेल्जियममधला पोरगा लहानपणापासून हेच गेम खेळायचा. २०२२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, तो फ्रान्सच्या रेम्स क्लबाचा खराखुरा प्रशिक्षक झाला. हव्या त्या दर्जाचं लायसन नव्हतं, म्हणून क्लबाला दर सामन्याला २५,००० युरो दंड पडायचा, आणि क्लब तो भरायचा.

"त्याचा दंड दुसरे भरते," बाप म्हणतात. "तुह्या मी भरून राह्यलो."

गेमच्या पोटात जगभरातल्या खेळाडूंची माहिती असते. हजारावर माणसं आपापल्या भागातले क्लब पाहून ती गोळा करतात, आणि प्रत्येक खेळाडूला प्रत्येक गुणाचे १ ते २० यांतले मार्क देतात: वेग, दम, धीर, जिद्द, पासिंग. हे मार्क इतके बारकाईनं दिलेले असतात की २००८ साली एव्हर्टनसारख्या क्लबानं खेळाडू हुडकायला ही माहिती वापरण्याचा करार केला होता. तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, आमच्या मॅनेजरची नजर बिघडली. पोळ्याला बैल सजून तोरणाखाली उभे राहिले की लोक झूल पाहतात, शिंगांचे रंग पाहतात; हा पुटपुटतो, "दम १७, टीमवर्क १९, कल्पकता ४." स्वतःच्या बापाला त्यानं जिद्द २० आणि जुळवून घेणं २ दिले आहेत. मला किती दिले ते मी विचारलेलं नाही.

असे मॅनेजर एकट्यानं राहत नाहीत. त्यांची एक पंगत असते. आमच्याचा ग्रुप मोबाइलवर आहे: एक पुण्याच्या हॉस्टेलात, एक नागपुरात, एक न्यू जर्सीत नोकरीला, एक कोल्हापूरचा. यांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण एकमेकांचे लेफ्ट बॅक तोंडपाठ आहेत. न्यू जर्सीवाल्याचा दिवस संपतो तेव्हा पुणेकराच्या सकाळच्या लेक्चरची वेळ झालेली असते, त्यामुळे चर्चा चोवीस तास अखंड, सप्त्यातल्या वीणेसारखी, हातातून हातात जाते. कोल्हापूरकराचं तेवढं निराळं. तो शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने पाहत वाढला, स्वतः खेळतो, गुडघे फोडून घेतो. बाकीचे त्याच्याशी आदरानं, पण थोडं जपून बोलतात. प्रत्यक्ष चेंडूला लागलेल्या माणसाचा सिद्धान्त कच्चा असणार, अशी त्यांना शंका आहे.

या पंगतीत जातपात आहे. सगळ्यात वरचे ते, जे तळाच्या गरीब क्लबाला वर्षानुवर्षं खपून वर काढतात. मधले ते, जे श्रीमंत क्लब घेतात आणि जिंकल्यावर लाजतात. अगदी खालचे ते, जे सामना हरले की गेम बंद करून, आधी साठवलेली फाइल पुन्हा उघडून तोच सामना पुन्हा खेळतात. त्यांच्याशी बोलणं टाकतात. आमच्या मॅनेजरवर असा आरोप एकदा झाला होता. ०–३ अशी पिछाडी असताना त्याचा गेम बंद पडला होता. "लाइन गेली," एवढंच तो म्हणाला. नागपूरवाल्यानं साक्ष दिली की पांढुर्ण्याकडे लाइन जाऊ शकते, आणि प्रकरण मिटलं. मला मात्र आठवतं, त्या रात्री माझ्या घरचा पंखा चालू होता.

यांचे पुराणपुरुषही वेगळेच. फ्रेडी अडू चौदाव्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक झाला, गेममध्ये विश्वविजेता ठरला. प्रत्यक्षात फिनलंड, सर्बिया, ब्राझील असा हिंडत राहिला. चेर्नो साम्बा गेमपुरता इंग्लंडचा तारणहार होता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे टो माडेरा: २००१च्या सुमारास हा पोर्तुगीज पुढच्या फळीतला पोरगा घेतला की गोलांचा पाऊस पडे. नंतर उघड झालं की असा व्यावसायिक खेळाडूच नव्हता. पोर्तुगालची माहिती गोळा करणाऱ्या गृहस्थांनी स्वतःलाच यादीत घुसवून सढळ हातानं मार्क दिले होते. आमच्याकडे सर्वेक्षणाच्या याद्या होतात, त्यात हे नवं नाही. पण मॅनेजर ही गोष्ट सांगताना डोळे मिटतो.

फायनलच्या रात्री तो चुलतभावाच्या लग्नातला कोट घालतो. हे त्याच्या एकट्याचं वेड नाही; सूट घालून फायनल खेळणारे जगभर आहेत, आणि सामन्याआधी दाराच्या मुठीशी हस्तांदोलन करणारेही. त्यात स्थानिक भर एवढीच, की आदल्या शनिवारी तो सौंसरजवळच्या जामसावळीला जाऊन येतो. तिथला मारुती पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. रात्री तीनपर्यंत जागणाऱ्या माणसाचं दुखणं या देवालाच कळणार, अशी त्याची श्रद्धा.

२०२५च्या फेब्रुवारीत कंपनीनं त्या वर्षीचा गेम रद्दच केल्याचं जाहीर केलं. दोनदा लांबणीवर टाकून, मग थेट रद्द. मॅनेजर त्या दिवशी जेवला नाही. माय घाबरली, तिला वाटलं पटवारीचा निकाल लागला. नोव्हेंबरात नवा गेम आला तेव्हा जुनी बटणं सगळी हलवलेली. जगभर बोंब झाली, आणि हा महिनाभर 'हे बटण कुठं गेलं' म्हणत, चष्मा हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा पडदा चाचपत होता.

खऱ्या भारतीय फुटबॉलबद्दल बोलायला तो फारसा तयार नसतो. कारण विचारावं तर म्हणतो, "ते विश्वासार्ह नाही." आणि त्याच्या बाजूनं पुरावा आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये इंडियन सुपर लीग वेळापत्रकाप्रमाणे चालू असते. खरी लीग २०२५च्या जुलैत व्यापारी हक्कांचा करार संपत आला म्हणून अडकून पडली. २०२३ साली वर्तमानपत्रात आलं की राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक खेळाडूंची यादी आधी ज्योतिषाकडे पाठवत. आजीनं ही बातमी ऐकून पहिल्यांदाच फुटबॉलला मान्यता दिली. मग त्याच २०२५च्या जुलैत प्रशिक्षकाची जागा भरायची होती, तर महासंघाकडे चक्क स्पेनच्या चावी आणि ग्वार्डिओलाचे अर्ज. चावी परवडणार नाही म्हणून त्याला बाजूला ठेवल्याच्या बातम्याही छापून आल्या. दोन दिवसांत महासंघानं सांगितलं की ते ई-मेल खरे नव्हतेच. मॅनेजरनं यातून काढलेला निष्कर्ष असा: खोट्या अर्जाचा एवढा विचार करतात, तर आपण खरा करावा. अनुभवाच्या रकान्यात त्यानं चौदा हंगाम लिहिले. शेवटी खालिद जमीलला नेमलं, आणि त्याबद्दल मात्र याची तक्रार नाही. जमीलनं २०१७ साली मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली होती, आणि ती टीम आदल्याच हंगामात खाली घसरली होती. "ही तर आपली माणसं," तो म्हणाला. म्हणजे जातीतली, वरच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून झेंडा बांधतात. पांढुर्णेवाले तो तोडायला येतात, सावरगाव अडवतं, आणि दोन्हीकडून दगड. दरवर्षी शेकड्यांनी माणसं रक्तबंबाळ होतात, जीवही गेलेत. प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. मॅनेजरला माय त्या दिवशी घराबाहेर पडू देत नाही, तो गच्चीवरून पाहतो. गेल्या खेपेला मी शेजारच्या गच्चीवर होतो.

"काका, आपण पिढ्यानुपिढ्या नुसता बचाव खेळून राह्यलो," तो म्हणाला. "मधल्या फळीत माणूसच नाही."

मी म्हटलं, "मधल्या फळीत झाड आहे."

त्यानं गेमच्या एडिटरमध्ये सावरगावचा क्लब केलेला आहे. प्रतिस्पर्धी पांढुर्णा, वैर जास्तीत जास्त. दर भेटीत तीन-चार लाल कार्डं निघतात. त्याला हे वास्तवाच्या जवळ जाणारं वाटतं.

याच दिवसांत युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद होत असते, आणि याच दिवसांत आमच्याकडे संत्र्याचे व्यापारी बगीचे पाहत फिरतात. अंबिया बहाराचं फळ झाडावर हिरवंच असतं. व्यापारी चार झाडांखालून चालतो, वर पाहतो, किती निघेल, किती गळेल, दिवाळीला भाव काय असेल ते मनात धरतो आणि अख्खा बगीचा उक्ता मागतो. बाप समोर उभे राहून तोच हिशेब उलट्या बाजूनं करतात. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं आहे: न पिकलेल्या गोष्टीची किंमत ठरवणं. लेकरू रात्रभर काय करतं हे मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

एका वर्षी पाहिलं. व्यापारी सौदा अर्धवट सोडून गेला होता, झोप येत नव्हती, आणि पोराच्या खोलीत उजेड होता. पडद्यावर सोळा वर्षांचा एक अर्जेंटिनाचा पोरगा.

"हे कोण?"

मॅनेजरनं सांगितलं: आज काही नाही, पण तीन वर्षांत जगात पहिला होऊ शकतो. मोठा क्लब साठ लाख पौंड देतोय. ग्रुपचं एकमत, विकायचा नाही.

बाप खुर्ची ओढून बसले. "गळते काय हा?"

"म्हणजे?"

"दुखते-खुपते काय नेहमी?"

मॅनेजरनं इतिहास उघडला. गुडघा, मांडी, पुन्हा गुडघा.

"इकून टाक," बाप म्हणाले. "झाडाले फळ पाहून भाव देऊन राह्यला तो, गळ पाहून नाई. त्याले गळ दिसली का अर्धा देईन. इसार घे अन् मोकळा हो."

मॅनेजरनं विकला. ग्रुपनं दोन दिवस बहिष्कार घातला. पुणेकरानं त्याला किराणा दुकानदार म्हटलं. तिसऱ्या दिवशी नव्या क्लबाच्या पहिल्याच सामन्यात पोरग्याचा गुडघा गेला, नऊ महिने. आलेल्या पैशांत सावरगावकरानं एक गोलकीपर आणि दोन बचावपटू घेतले आणि हंगाम काढला.

तेव्हापासून ग्रुपची रीत बदलली आहे. नागपूरवाला स्ट्रायकरचा फोटो पाठवून 'बाबांना दाखव' म्हणतो. न्यू जर्सीवाला तिकडच्या मध्यरात्री थांबून असतो. कोल्हापूरकरानं तर तालमीच्या खऱ्या सेंटर हाफबद्दल विचारून घेतलं, आणि दम चांगला आहे पण 'ताण जास्त बसला, एक बहार सोडा' असा सल्ला मिळाल्यावर त्याला दोन सामने विश्रांती दिली. गेल्या आठवड्यात पुणेकराला एका डच मिडफिल्डरसाठी बोली आली, मुदत संध्याकाळी सहाची. त्यानं पाच वेळा फोन केला. मॅनेजरनं उत्तर पाठवलं: "तोडा चालू आहे, बाबा बगीच्यात आहेत. सातनंतर सांगतो. तोवर गेम पॉज करून ठेव."