ऐन डिसेंबरातली उष्णता

लघवीला जळजळ झाली की मराठी माणसाचं निदान ठरलेलं : उष्णता. ऐन डिसेंबरात, अंगात स्वेटर आणि डोक्याला कानटोपी असताना, मलाही उष्णताच झाली. ही म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन या." मी म्हटलं, "उन्हाळी लागलीय, त्यात डॉक्टर कशाला?" आणि कट्ट्यावर जाऊन बातमी फोडली.

संध्याकाळपर्यंत सब्जा, धण्याचं पाणी, बार्ली, गुलकंद असा सगळा आहेर घरपोच. मी इमानेइतबारे सगळं पीत राहिलो. आत जातं तेवढं बाहेर येत नाही, हे मात्र कुणाला बोललो नाही. आमच्या कट्ट्यावर गुडघ्यांची चर्चा चालते, प्रोस्टेटची नाही.

मग एका रात्री हुडहुडी भरली. दोन रजया, फणफणता ताप आणि उजव्या कुशीत कळ. ही उष्णता भलतीच थंड निघाली.

"काका, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वय माझ्या मुलीएवढं. मी बाहेरच्या पाणीपुरीवर संशय घेतला. त्यांनी माझ्याच पोटाकडे बोट दाखवलं. ई. कोलाय. आपल्याच आतड्यात गुण्यागोविंदानं नांदणारा जंतू. 1885 साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं तो तान्ह्या बाळांच्या शीमध्ये शोधला. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा आरोपी हाच. मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचला की अंगावरच्या बारीक तंतूंनी भिंतीला चिकटतो आणि घोरपड लावून कोंडाणा चढावा तसा मूत्राशय, मूत्रवाहिनी, मूत्रपिंड असा वर सरकतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, म्हणून त्यांना हा ताप जास्त. पुरुषांचा 20 च्या आसपास.

"म्हणजे मला व्हायला नको होतं," मी वकिली केली.

"धार नीट असती तर जंतू धुऊन गेले असते. तुमचं प्रोस्टेट वाढलंय. लघवी आत साचते, त्यात ते वाढतात." मधुमेह, मूतखडा, लघवीसाठी घातलेली नळी हीही कारणं त्यांनी सांगितली. पैकी मधुमेह माझ्याकडे आहेच. खड्याचा मान तेवढा हुकला.

गोळ्या-इंजेक्शनाआधी तपासणीला लघवी द्यायची होती. लॅबमधल्या मुलीनं बाटली हातात ठेवून बजावलं, "सुरुवातीची सोडा, मधल्या धारेची आणा." कातडीवरचे जंतू नमुन्यात मिसळू नयेत म्हणून ही खबरदारी. पण माझ्या धारेला मध्यच नव्हता. नांदी झाली की थेट भरतवाक्य. मी बेसिनचा नळ सोडून, बाटली धरून, डोळे मिटून उभा. बाहेरून आवाज, "काका, झालं का? मागे रांग आहे." जे काही होऊ घातलं होतं, तेही त्या हाकेनं परत गेलं.

कल्चरच्या रिपोर्टात ई. कोलायच निघाला. तेव्हा थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखू लागलं, तर सब्जा भिजत घालू नका, रिक्षा बोलवा. आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनो, धार बारीक झाली असेल तर कट्ट्यावर नको, पण डॉक्टरांना सांगा.