रेड्याचे गुण किती?

जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात ज्या रेड्याची समाधी आहे तो आजच्या हिशेबाने शून्य गुणांचा सदस्य होता. मूळ मुक्काम पैठण, व्यवसाय पखाली वाहणे, पूर्वीचं लेखन काही नाही, अनुयायी नाहीत, फोटोच्या जागी करडं वर्तुळ. तरी भरल्या सभेत त्याने वेद म्हटले, असं महाराष्ट्र सातशे वर्षं सांगत आला आहे. पुढे ज्ञानदेव आणि भावंडं परतीच्या वाटेला लागली तेव्हा तो सोबत निघाला आणि आळ्यात थांबला तो कायमचा. आज लोक त्याच्यापुढे नारळ फोडतात. त्याची पातळी काय होती, हे कोणी विचारत नाही.

भावंडं पैठणला गेली होती ती मुळात गुण मागायलाच. संन्यास सोडून संसारात परतलेल्याची मुलं, म्हणून आळंदीने त्यांना सदस्यत्व नाकारलेलं. पैठणहून शुद्धिपत्र आणा, मग बघू, असं उत्तर मिळालं. आळंदीत खातं उघडायला पैठणची ओळख लागत होती. परंपरा सांगते की हे पत्र शके १२०९ मध्ये, म्हणजे १२८७ साली मिळालं. तीन वर्षांनी नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. ती वाचायला घेताना आधी शुद्धिपत्राची प्रत दाखवा म्हणणारा वाचक आम्हाला अजून भेटलेला नाही. रेड्याला देऊळ मिळालं. पत्रावर सह्या करणाऱ्यांनी निदान शेजारी एक ओटा तरी मागून घ्यायला हवा होता.

हा विषय आज निघाला त्याचं कारण आमच्या शेजारचे आबा. निवृत्त झाल्यापासून आबा छंद जोपासतात. बागकाम, गडकिल्ले, पक्षी, वन्यजीव, जुनी नाणी अशा प्रत्येक छंदाचा फोनवर एकेक गट आहे आणि प्रत्येक गटात आबांच्या नावापुढे ‘टॉप कॉन्ट्रिब्युटर’ असा बिल्ला आहे. बाग मात्र नाही. कुंड्या होत्या, त्या पाण्यावाचून गेल्या. पाणी घालायला वेळ कुठला? दिवसभर लोकांच्या झाडांना उत्तरं द्यायची असतात.

आबांची पद्धत पक्की आहे. पान पिवळं पडलं, निंबोळी अर्क फवारा. पान गळलं, निंबोळी अर्क फवारा. पान छान आहे, तरी फवारलेला बरा. उत्तर प्रश्नापाठोपाठ अर्ध्या मिनिटात जातं आणि त्याला अंगठे मिळतात. ज्याने टोमॅटोत हयात घालवली तो बाप्या त्या वेळी वावरात असतो, नाहीतर नारायणगावच्या मार्केटात क्रेटच्या रांगेत. रात्री जेवून तो फोन उघडतो तेव्हा प्रश्न शिळा झालेला असतो. हा करपा आहे, अर्काने जाणार नाही, पहिल्यांदा रोगट पानं काढून लांब नेऊन टाका, एवढं तो लिहितो. त्याला अंगठा एक. तोही त्याच्या मेव्हण्याचा.

म्हणजे हे गुण ज्ञानाचे नव्हेत, रिकामपणाचे आहेत, असं आम्ही आबांना म्हणालो. आबा म्हणाले, “अहो, पण रिकामपण मोजायला तरी काहीतरी हवंच ना!”

याच्याही पुढची मजा बिबट्याची. जुन्नरात बिबट्या हा प्राणी कमी आणि विषय जास्त आहे. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारण केंद्र आहे, उसात त्याची पिल्लं सापडतात, रात्री पाणी धरायला जाणाऱ्याच्या जिवाला खरा घोर असतो. त्यात कोणी चिखलातल्या पंजाचा फोटो टाकतो. बिल्लेवाले आबा जाहीर करतात, बिबट्या, पूर्ण वाढलेला, बहुधा मादी. भराभर बदाम पडतात, हात जोडले जातात, शाळेच्या वाटेवर मुलांना एकटं सोडू नका असं पुढे धाडलं जातं. तळाशी एखादा मेंढपाळ लिहितो, नखं उमटलीत, कुत्रं आहे. एवढंच. मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याला ते जमत नाही, म्हणून कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके दिसतात. माहितीचा सगळा ऐवज या एका ओळीत होता. पण कुत्र्याला बदाम कोण देणार? भीतीला गुण मिळतात, दिलाशाला मिळत नाहीत. मेंढपाळाच्या खात्यावर शून्य, आणि वरून एका ताईंचा सवाल: तुमचा यातला अभ्यास काय?

साहेबांच्या देशात हा कारभार जास्त पद्धतशीर चालतो. स्टॅक एक्स्चेंज म्हणून एक जाळं आहे. सायकल, बागकाम, बुद्धिबळ, छायाचित्रण अशा छंदांची प्रश्नोत्तरं तिथे चालतात. माणूस तिथे एक गुण घेऊन जन्माला येतो. दुसऱ्याला चांगलं म्हणायला १५ गुण लागतात. दुसऱ्याच्या लिखाणाखाली शेरा मारायला ५०. वाईट म्हणायला १२५. तीन हजारांच्या घरात गेलात की एखादा प्रश्नच बंद करून टाकायला मत देता येतं. सरळ उत्तर मात्र एक गुणवालाही देऊ शकतो, एवढी दया आहे. पैठणच्या सभेला हे नियम असते तर रेड्याने म्हटलेली ऋचा हे उत्तर धरायचं की शेरा, यावरच संध्याकाळ झाली असती. आणि शेरा ठरला असता तर त्याच्या शिंगांवर पाटी लटकली असती, ‘बोलण्यास आणखी ४९ गुण आवश्यक’.

आपल्याकडेही या बाबतीत अगदीच अंधार नाही. ज्ञानदेवांच्याच ओवीतून नाव उचललेल्या ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर प्रतिसादाला श्रेणी देण्याची सोय होती. मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, आणि त्याच पंक्तीत खवचट. सदस्याच्या खात्यावर जमायचं त्याला पुण्य म्हणत. खवचटपणाला स्वतंत्र रकाना देणारी व्यवस्था मराठी माणसाशिवाय कोणाला सुचली नसती, आणि आमच्या या सदराचा निम्मा उदरनिर्वाह त्याच रकान्यावर चालतो, म्हणून आम्ही तिचे ऋणी आहोत.

गुणांची भूक नवी आहे असं कोणी समजू नये. आमच्याच तालुक्यात नाणेघाट आहे. कोकणातून वर येणाऱ्या सातवाहनकालीन व्यापाराची ही वाट. तिथल्या लेण्यात नागनिका राणीच्या काळचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. कोणकोणते यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, सगळे आकडे भिंतीवर. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांचे नमुने म्हणून अभ्यासक आजही तो लेख बघायला येतात. दान केल्याचा आकडा कोरायला भिंत कुठली निवडली तेही पाहा. राजवाड्यातली नाही, देवघरातली नाही. जिथून येणारा-जाणारा प्रत्येक तांडा जाणार ती. याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती रांगेने कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव. मूर्ती झिजून, तुटून गेल्या, आता पावलांच्या खुणा उरल्यात. नावं मात्र अजून वाचता येतात. प्रोफाइल चालू, माणूस गायब. आबांच्या नाण्यांच्या गटात असे कितीतरी सदस्य आहेत.

नाणेघाटाला लागूनच जीवधन. पावसाळ्यात तिथे पुण्या-मुंबईची माणसं धुक्यासारखी उतरतात आणि गडांच्या गटांवर गुणांचा पूर येतो. तिथे आमच्या ध्यानात आलेली एक गोष्ट सांगतो. गड उतरल्यावर मिसळ कुठे मिळेल, या प्रश्नाच्या उत्तराला अंगठ्यांची रास पडते. जीवधनच्या कोठाराचं बांधकाम कोणत्या काळातलं, यावर कोणी चार परिच्छेद जीव लावून लिहिले तर त्याला चार अंगठे. लोक अडाणी आहेत असं नाही. मिसळीचं उत्तर बरोबर की चूक हे प्रत्येकाला कळतं, कोठाराचं चौघांनाच कळतं, आणि ज्याला कळतं तोच दाद देऊ शकतो. म्हणजे उत्तर जितकं अवघड, तितके त्याचे गुण कमी. मग हुशार माणूस काय करतो? कोठार सोडतो आणि मिसळीवर लिहितो. गडांच्या गटांवर सध्या मिसळीचा अभ्यास फार पुढे गेला आहे.

गुण म्हणजे सगळीच भोंदूगिरी, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. म्हटलं असतं, पण आमच्या भागात बैलगाडा आहे.

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाडा हा छंद की धर्म हे ठरवायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बारी सुटते, पुढे घोडी धावते, भंडारा उधळतो, आणि वर निशाणाशी घड्याळ थांबतं. सगळा निकाल सेकंदांत. मालकाचे फोनवर किती चाहते आहेत, बैलाच्या नावाने किती व्हिडिओ फिरतात, वाढदिवसाला त्याचा फ्लेक्स आळेफाट्याच्या चौकात किती फुटी लागला होता, हे घाटाला विचारता येत नाही. ‘घाटाचा राजा’ हा किताब त्या दिवसाच्या आकड्याला मिळतो, आणि पुढच्या जत्रेत तो दुसरा कोणीतरी घेऊन जातो. सायकलवाल्यांच्या स्ट्राव्हावरही चढाच्या वाटेला असा एकेक राजा असतो. तिथले काही राजे मोटारसायकलवर बसून गादीवर आले, म्हणून तक्रारी होतात. आमच्याकडे ती सोय नाही, बैलाला सायलेन्सर बसवता येत नाही.

घड्याळ बंद पडलं की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या साडेसात वर्षांत तालुक्यातला प्रत्येक बैल घाटाचा राजा होता. पारावर, चहाच्या टपरीवर, फोनवर, कुठेही विचारा. बारी नाही, सेकंद नाहीत, मग हरणार कोण? जुन्या व्हिडिओंवर गुणांचा पाऊस पडत होता आणि त्या पावसात गोठ्यातले म्हातारे बैलसुद्धा अजिंक्य ठरले होते. शर्यती सुरू झाल्यावर पहिल्याच जत्रांमध्ये यातल्या बऱ्याच कीर्ती घाटाच्या पायथ्याला बसल्या.

बुद्धिबळवाल्यांना ही गोष्ट आधीच कळलेली. अर्पाद इलो या गृहस्थांनी बसवलेली गुणपद्धत जागतिक महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिच्यात जिंकलात तर गुण चढतात, हरलात तर उतरतात, आणि नवख्याकडून हरलात तर चांगलेच उतरतात. मोठ्या गुणांचा माणूस नवख्याशी खेळायला घाबरतो, याचा अर्थ गुणांना काही किंमत आहे. आबा कोणालाच घाबरत नाहीत. त्यांनी कुत्र्याला बिबट्या म्हटलं म्हणून त्यांचं काय गेलं? उलट त्या पंजावर त्यांना बिल्ला मिळाला.

आमचा हिशेब इतकाच. पहिले पन्नास गुण उपयोगाचे असतात. आज खातं काढून आजच वजन घटवायची पावडर विकणारा त्यामुळे दारात अडतो, आणि नवा माणूस जरा बघून बोलतो. पन्नासच्या पुढचे पन्नास हजार हे दिवाणखान्यातल्या ट्रॉफ्या आहेत. गणेशोत्सवातल्या संगीत खुर्चीत मिळाल्या की कशात, ते पाहुणे विचारत नाहीत. त्या पुसायला वेगळं फडकं लागतं, एवढाच त्यांचा घरातल्यांना त्रास.

एक नियम मात्र साहेबाकडून उचलावा असं आमच्या मनात फार येतं. स्टॅक एक्स्चेंजवर दुसऱ्याच्या उत्तराला वाईट म्हटलं की त्याचे दोन गुण जातात आणि म्हणणाऱ्याचाही एक जातो. निंदेला स्वतःच्या खिशातून पैसे. हा नियम गावच्या पारावर लावायचा ठराव ग्रामसभेत मांडून पाहावा, असं आम्ही आबांना सुचवलं. आबा दचकले. “मग पारावर कोण बसेल? तिकडे शेकोटी करायला तरी माणसं यायला हवीत ना,” म्हणाले.

हे सदर छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. तसा रिवाज आहे, आणि भिंतही एकच आहे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आमच्या वर्तमानपत्राची कचेरी नकाशावर कुठल्या नावाने नोंदवलेली आहे, ते विचारलं. गूगलच्या नकाशावर ते ‘लोकल गाइड’ आहेत. ठिकाणाबद्दल मत लिहिलं की दहा गुण, आणि दोनशे अक्षरांच्या वर गेलं की आणखी दहा.

“एकच तारा देणार आहे,” आबा म्हणाले, “पण सविस्तर लिहीन.”